कांदा चाळीतला पंखा : प्रकल्प नोंदी, अंबड

१२ फेब्रुवारी २०२४
पहाटे साडेचारला अप्पा आणि मी नाशिकच्या अंबडहून निघालो. चंदनापुरी घाटात उसाचा ट्रॅक्टर आडवा, म्हणून पुण्यात प्रयोगशाळेच्या गेटवर पोचायला दहा वाजले. गाडीचा नंबर, आधार, लॅपटॉपचा सिरियल नंबर, सगळं रजिस्टरात. अप्पा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये पूर्वी दोनदा शेडच्या कामाला गेले होते, तेव्हापासून प्रत्येक सरकारी गेटाची तुलना त्या गेटाशी होते. आजचं गेट त्यांच्या मते ‘मध्यम’.

प्रयोगशाळेने केलेलं, परवाना घेऊन आम्हाला बनवायचं आहे ते यंत्र पाहिलं. दोनशे किलो कांदा मावेल असा स्टीलचा पिंजरा, खाली ब्लोअर, ढिगात चार ठिकाणी तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर, बाजूला कंट्रोलर. ढिगात हवा कधी सोडायची आणि कधी नाही हे तो ठरवतो. कांदा एकसारखा, गुलाबी, रुखवतात मांडल्यासारखा.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं. उन्हाळ कांदा साध्या चाळीत चार-सहा महिने ठेवला की ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. थोडा वजनात घटतो, थोडा सडतो, उरलेल्याला शेवटी कोंब येतात. २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखली तर तो टिकतो. शीतगृहात ० ते २ अंशांवर आणखी टिकतो, पण बाहेर काढला की भराभर कोंब फुटतात, आणि विजेचं बिल वेगळंच. चाळीत थर पाच फुटांच्या वर नेऊ नये असं सांगतात. खालून हवा ढकलली तर सात फूट नेता येईल, म्हणजे त्याच जागेत जास्त माल. विकायचं काय, तर ते दोन फूट.

तंत्रज्ञान किती तयार आहे हे नऊ पायऱ्यांच्या शिडीवर मोजतात, हे सहाव्या पायरीवर आहे असं मॅडम म्हणाल्या. परतताना नारायणगावला चहा घेताना अप्पांनी विचारलं, सहा म्हणजे किती? मी म्हटलं, नऊ म्हणजे बाजारात विकलं जातंय आणि चालतंय. अप्पांनी बशीत चहा ओतला. “मग आपल्या भाषेत हे तीन.”

२७ फेब्रुवारी
ड्रॉइंग आली. अकरा पानं. सगळीकडे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), दोन मिलिमीटर. एवढ्या पैशात शेतकऱ्याने कांदा न पिकवता एसएसच विकावं. आपण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा) २० गेज वापरायचं, आतून इपॉक्सी.

ब्लोअर थ्री फेज, दोन एचपीचा. इथेच खरी अडचण. शेतीच्या लाइनला थ्री फेज दिवसातून आठ तास, तीही काही दिवस रात्रीची. कांद्याच्या ढिगाला उष्णता चोवीस तास सुटते, तो वेळापत्रक बघत नाही. मळ्यात घरापुरती सिंगल फेज मात्र बहुतेक वेळ असते. म्हणून अर्ध्या एचपीचे दोन सिंगल फेज ब्लोअर घ्यायचे. एक बंद पडला तर दुसरा असतो. अप्पांनी शेडच्या कोब्यावर खडूने मांडणी काढून दाखवली. ते कागदावर कधीच काढत नाहीत. कागद म्हणे लहान पडतो.

१४ मार्च
कराराचा मसुदा. परवाना बिगर-एकाधिकार, म्हणजे उद्या आमच्या शेजारच्या प्लॉटवाल्यालाही हाच मिळू शकतो. मुदत पाच वर्षं, एकरकमी शुल्क दोन हप्त्यांत, विक्रीवर रॉयल्टी. इथपर्यंत ठीक. नववं कलम मात्र तीनदा वाचलं. परवानाधारकाने केलेली कोणतीही सुधारणा प्रयोगशाळेच्या मालकीची. म्हणजे जीआय पत्रा, सिंगल फेज, अप्पांचा खडू, सगळं त्यांचं.

तंत्रज्ञान हस्तांतरण विभागातले अधिकारी फोनवर सज्जनपणे बोलले. म्हणाले, हा छापील नमुना आहे, बदलायचा तर समितीपुढे न्यावा लागेल, समिती तिमाहीत एकदा बसते. आम्ही म्हटलं, न्या. कांदा मात्र समितीची वाट बघणार नाही, एप्रिलमध्ये निघतो. शेवटी तोडगा असा : आत्ता फक्त चाचणीचा सामंजस्य करार करायचा, परवाना नंतर. यंत्र आमचं, शास्त्रीय मोजमाप त्यांचं, कांदा शेतकऱ्याचा. कांदा सडला तर नुकसान कोणाचं, याबद्दल करारात एक ओळ नाही. मी विचारलं. तिकडून उत्तर आलं, “तसा प्रघात नाही.”

अप्पांना स्वराज ट्रॅक्टरचं फार कौतुक. सरकारी प्रयोगशाळेतून निघालेली वस्तू बांधावर पोचू शकते, याचा त्यांचा एकमेव पुरावा तो. गोष्ट खरी आहे. आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा, कारखाना पंजाब ट्रॅक्टर्सचा, १९७० साली स्थापन झालेला, आणि पहिले ट्रॅक्टर बाहेर पडले १९७४ साली. अप्पा एक गोष्ट सांगत नाहीत, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आराखडा पोस्टाने पंजाबला गेला नव्हता. तो ज्यांनी केला ते चंद्र मोहन आणि त्यांचे सहकारी संस्था सोडून कारखान्यात गेले. आमच्याकडे अकरा पानं आलीत.

९ एप्रिल, पाडवा
पॅनलला हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं. एमसीबी, म्हणजे विजेचा सुरक्षा खटका, पडला. न्यूट्रल सैल होता. दुसऱ्यांदा नारळ नव्हता म्हणून गूळ-कडुनिंबाची गोळी ठेवली. चाललं.

२४ एप्रिल
विंचूरजवळ तात्यांच्या मळ्यात चाळ भरली. दुपाखी चाळ, म्हणजे कांद्याच्या दोन रांगा, पूर्व-पश्चिम, मधे गल्ली. उत्तरेच्या पाखीत आमचा पंखा, दक्षिणेची नेहमीसारखी. एकच शेत, एकच दिवशी काढलेला माल, दोन पाखी. याहून चांगली चाचणी मिळणार नाही, असं मॅडम फोनवर दोनदा म्हणाल्या.

चाळीच्या तळाखाली दीड-दोन फूट मोकळी जागा असतेच. तीच तिन्ही बाजूंनी पत्र्याने बंद केली, चौथ्या बाजूला ब्लोअर लावले, की झाला हवेचा बोगदा. सांधे बंद करायला सिलिकॉन कमी पडलं, तर तात्यांच्या सूनबाईंनी शेण-माती कालवून दिली. मोजपट्टीच्या शेजारी शेणाचा हात असा फोटो काढलाय. अहवालात तो जाणार नाही.

दोन्ही पाख्यांत दहा-दहा किलोच्या जाळीच्या पिशव्या, लाल सुतळी बांधून, वेगवेगळ्या थरांत पुरल्या. दर महिन्याला त्या काढून वजन करायचं.

तात्या काम करता करता सगळं ऐकत होते. मग म्हणाले, “ताई, लासलगावला अणुवाल्यांनी पण कांद्यासाठी केंद्र काढलं होतं की.” बरोबर आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’, २००२ साल. कोबाल्ट-६०चे किरण, कांद्याला ६० ते ९० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा पुरते, कोंब फुटत नाही. पण ते किरण सड थांबवत नाहीत आणि वजनाची घटही थांबवत नाहीत, शिवाय कांदा काढणीनंतर लवकर, झोपेत असतानाच द्यावा लागतो. आपल्याकडे त्याच दिवसांत सगळा तालुका एकदम कांदा काढतो. केंद्राचं नाव मोठं झालं ते हापूसमुळे. २००७ साली अमेरिकेला आंबा पुन्हा जायला लागला, तो ४०० ग्रे मात्रा घेऊन, लासलगावहून. तात्यांना हे माहीत होतं. त्यांना मला एवढंच विचारायचं होतं, की तुमचा पंखा कांद्यासाठीच राहणार ना?

५ मे
निर्यातबंदी काल उठली. डिसेंबरपासून होती. किमान निर्यात दर टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. तात्यांचा फोन, नुसती चौकशी. मी म्हटलं, ऑक्टोबर अखेरपर्यंत चाळ फोडायची नाही असं ठरलंय. “ठरलंय ना,” ते म्हणाले. हा ‘ना’ मला आवडला नाही.

२० मे
मतदान. वर्कशॉप बंद.

११ जून
वळवाने चाळीची एक ताडपत्री नेली. कांदा कोरडा आहे.

ब्लोअरची हवा मात्र निम्म्यावर आली. पापुद्रे. हवेने सुटलेले पापुद्रे फटींतून खाली पडतात आणि बोगद्यात उडत ब्लोअरच्या जाळीला चिकटतात. ओल्या वर्तमानपत्रासारखा थर झाला होता. प्रयोगशाळेतला रुखवताचा कांदा आधीच झाडून-पुसून भरलेला, तिथे पापुद्रा सुटायला होताच कुठे. अप्पांनी जाळी उभीऐवजी तिरकी लावली आणि खाली घसरून पडायला कप्पा केला. अर्ध्या तासाचं काम. नवव्या कलमाप्रमाणे हा कप्पा कोणाचा?

७ जुलै
नऊ दिवस पंखा एकदाही चालला नाही. तात्यांना वाटलं बिघडला. बिघडलेला नाही, आज्ञाधारक आहे. कंट्रोलरला सांगून ठेवलंय की बाहेरची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर हवा आत घेऊ नकोस. नाशिकच्या पावसाळ्यात ती दिवसच्या दिवस वर असते. तोवर ढीग आतून तापतोय. कांदा श्वास घेतो, उष्णता सोडतो, ती बाहेर जायला वाट नाही.

रात्री बसून गणित केलं. बाहेर २४ अंश, ८५ टक्के आर्द्रता. २४ अंशांना हवेत वाफेचा जास्तीत जास्त दाब साधारण २.९८ किलोपास्कल, त्याच्या ८५ टक्के म्हणजे २.५४. हीच हवा ढिगात शिरून २९ अंशांपर्यंत तापली, तर तिथली कमाल मर्यादा ४ किलोपास्कल. २.५४ भागिले ४, म्हणजे ६३ टक्के. बाहेर दमट वाटणारी हवा ढिगात गेली की कोरडी ठरते, ती ओल घेऊन बाहेर पडेल. आपण नऊ दिवस चांगली हवा दारात उभी करून ठेवली.

आर्द्रतेचा टक्का बघायचाच नाही. आतल्या आणि बाहेरच्या वाफेचा दाब बघायचा. कंट्रोलरमधल्या दोन ओळी बदलल्या की झालं.

१० जुलै
दोन ओळी बदलता येत नाहीत. प्रोग्राम ज्या प्रकल्प सहायकाने लिहिला त्याची नेमणूक प्रकल्पापुरती होती. प्रकल्प मार्चअखेर संपला, तो बंगळुरूला नोकरीला लागला. मूळ प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपमध्ये. विभागाकडे आहे ती फक्त चिपमध्ये भरलेली प्रत, ती वाचता येते पण बदलता येत नाही.

तोपर्यंत तात्यांच्या नातवाला वहीत तक्ता करून दिला. सकाळी, दुपारी, रात्री आतलं-बाहेरचं तापमान बघायचं आणि तक्त्याप्रमाणे हाताने बटण दाबायचं. सातवीतला पोरगा. कंट्रोलरपेक्षा बरा चालतो.

१३ जुलै
मॅडम स्वतः आल्या, सुट्टीच्या दिवशी, एसटीने, पाठीवर लॅपटॉप. दौऱ्याची मंजुरी घेतली असती तर महिना गेला असता. विंचूरला उतरून मळ्यापर्यंत तात्यांच्या मोटरसायकलवर.

चाळीत शिरल्या शिरल्या त्यांनी सेन्सर बघितले नाहीत. दक्षिणेच्या पाखीत बांबूच्या फटीतून कोपरापर्यंत हात घातला आणि एक कांदा बाहेर काढला. मानेपाशी पापुद्र्याखाली काळी भुकटी, काजळी. बोटं काळी झाली. मग उत्तरेच्या पाखीत तसाच हात. तिथला कांदा कोमट होता, पण मान बंद, कोरडी. तिसरा कांदा त्यांनी नाकाशी धरला आणि तात्यांना दिला. तात्या म्हणाले, “हा आठ दिवसांचा सोबती.” वास घेऊन त्यांना हे कळतं. कुठल्या थरात कुठे सड लागली हे ते गल्लीतून चालत जाताना सांगतात, आणि तिथे उकरलं की ती असते. मॅडमनी वही काढून त्यांना सलग तासभर प्रश्न विचारले. मी आजवर पाहिलेल्या बैठकांत ही सगळ्यात कामाची.

रात्री आमच्याकडेच राहिल्या. प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला घेतला, पहाटे तीनपर्यंत. आईने दोनदा चहा केला. सकाळी वाफेच्या दाबावर चालणारा नवा कंट्रोलर चाळीत बसला. नातवाने वही परत दिली नाही. चूक होते का बघतो म्हणाला.

३ ऑगस्ट
पंखा पुन्हा बंद. या वेळी खरोखर बिघाड. पॅनल उघडलं तर रिलेचे, म्हणजे ब्लोअर चालू-बंद करणाऱ्या खटक्याचे, संपर्कबिंदू काळे ठिक्कर, तांब्याच्या तारांची उघडी टोकंही काळी. जळल्याचा वास नाही, कांद्याचा आहे. कांद्यातून, विशेषतः सडक्या कांद्यातून, गंधकाची संयुगं उडतात, ती चांदी आणि तांब्याला काळं करतात. देवघरातल्या चांदीच्या वाटीला जे होतं तेच. पॅनल आम्ही गल्लीत, ढिगापासून तीन फुटांवर लावला होता, केबल लहान पडावी म्हणून. केबलचे वाचवलेले पैसे एका रिलेत गेले. पॅनल आता बाहेरच्या भिंतीला, सीलबंद डब्यात. ही चूक सर्वस्वी माझी, प्रयोगशाळेच्या ड्रॉइंगमध्ये तो बाहेरच दाखवला होता.

२४ ऑगस्ट
चौथ्या महिन्याचं वजन. उत्तरेच्या पाखीतली दहा किलोची पिशवी सरासरी ७ किलो ९०० ग्रॅम, दक्षिणेची ६ किलो ७००, सडका निवडून. अप्पांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. मॅडम म्हणाल्या, थांबा, खरा फरक शेवटच्या दोन महिन्यांत, कोंब यायला लागल्यावर दिसतो.

१९ सप्टेंबर
१३ तारखेला किमान निर्यात दर काढला आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. बाजार आधीच चढा होता. या आठवड्यात तात्यांनी चाळ फोडली. आधी दक्षिणेची पाखी, कारण ती सडत होती. मग म्हणे ट्रॉली अर्धी राहत होती, म्हणून उत्तरेचीही वरची बाजू. लाल सुतळीच्या पिशव्याही मोकळ्या करून वक्कलात, म्हणजे विक्रीच्या ढिगात, टाकल्या. सुतळी जपून ठेवली आहे, परत दिली.

मी चिडून गेले होते. तात्यांनी पाटावर बसवलं, चहा दिला, आणि डिसेंबरातल्या विक्रीच्या पट्ट्या दाखवल्या, बंदी लागल्यानंतरच्या. शेवटच्या पट्टीतून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता उरलेला आकडा मी वाचला आणि काही बोलले नाही. “ताई, भाव आपल्या दारात दोन दिवस उभा राहतो. तुमचा प्रयोग पुढच्या वर्षी पण करता येईल.” काय चुकीचं बोलले? करारात त्यांच्या कांद्याबद्दल ओळ नव्हती, मग त्यांच्यावर तरी कशाचं बंधन?

उत्तरेच्या मालाला वजनापेक्षा दिसण्यावर जास्त भाव मिळाला, पत्ती (वरचे पापुद्रे) चांगली राहिली म्हणून. हे आमच्या मोजमापात कुठेच नव्हतं. आम्ही ग्रॅम मोजत होतो, व्यापारी रंग बघत होता.

२२ ऑक्टोबर
पुण्यात बैठक. सहा महिन्यांची आकडेवारी नसल्याने परवान्याचा प्रस्ताव ‘अपूर्ण’. चार महिन्यांची आहे, तीही दोन्ही पाख्यांची, असं मी मांडलं. एका सरांचं म्हणणं, शेतकरी निवडताना काळजी घ्यायला हवी होती. मॅडमनी तिथेच उत्तर दिलं : भाव आल्यावर जो विकणार नाही तो शेतकरी नव्हे, आणि त्याच्यासाठी यंत्र बनवण्यात अर्थ नाही. खोलीत जरा शांतता.

मग कामाचं ठरलं. पुढच्या हंगामात चाचणीच्या पिशव्यांतला कांदा भरतानाच विकत घ्यायचा, प्रकल्पाच्या पैशातून, म्हणजे तो विकला जाणार नाही. बाकी ढीग तात्यांचा, त्यांनी हवा तेव्हा विकावा. खरेदीच्या फाइलवर ‘कांदा’ कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर वीस मिनिटं गेली. ‘उपभोग्य वस्तू’ ठरलं.

नववं कलमही हललं. यांत्रिक बदल आमचे, नियंत्रणाचा प्रोग्राम त्यांचा, दोघांनी एकमेकांना वापरायला द्यायचे. पुरवणी करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, १००चा आता चालत नाही. अप्पांना कलमापेक्षा याचं जास्त दुःख झालं.

१८ डिसेंबर
हिशेब. आजवर आमचे गेले ते साहित्य, दोन माणसांचे साडेतीन महिने आणि अकरा वेळा विंचूर. आला पैसा, शून्य. अप्पांनी आकड्याखाली रेघ ओढली आणि दुसऱ्या पाखीच्या पत्र्याची ऑर्डर दिली. मी विचारलं, हे कोणासाठी? तात्यांच्या भावकीतल्या एकाने बोगदा आणि ब्लोअर मागितलाय, कंट्रोलर नको, त्याचा पोरगा बटण दाबणार म्हणे. परवाना नसताना विकायचं कसं? अप्पा म्हणाले, पत्रा आणि पंखा विकायला कोणाचा परवाना लागतो. तरी मी मॅडमना मेल करून विचारलं. दोन दिवसांनी लेखी उत्तर : कंट्रोलर न देता यांत्रिक भाग विकायला हरकत नाही. उत्तराची प्रत फाइलला लावली.

३ फेब्रुवारी २०२५
मॅडमचा फोन. समितीपुढे सुधारित यंत्राची ड्रॉइंग ठेवायची आहेत, त्यांच्याकडे जुनी अकरा पानंच आहेत. तिरकी जाळी, पापुद्र्यांचा कप्पा, दोन ब्लोअरची मांडणी, यातलं त्यांच्याकडे काही नाही. तुमची ड्रॉइंग पाठवाल का?

आमच्याकडेही नाहीत. शेडच्या कोब्यावर अप्पांचा खडू आहे, त्यावरून दोनदा ट्रॉली गेलीय. कप्प्याचं माप कोपऱ्यात, लेथच्या पायाशी, अर्धं पुसलेलं. मी मोबाईल घेऊन उकिडवी बसले, अप्पा पट्टी धरून एकेक माप बोलायला लागले. तेवढ्यात झाडूवाल्या मावशी पाण्याची बादली घेऊन आल्या आणि अप्पा जोरात ओरडले, “आज फरशी नाही पुसायची!”